भूल, खोकला आणि छातीतला सरकता जिना

भुलेविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांत या वेळी एक गोष्ट ठळकपणे जाणवली. भुलेचे औषध, तिची मात्रा किंवा जाग कधी येणार, यांपेक्षा खोकला, सर्दी आणि कफ यांविषयीचे प्रश्नच अधिक आहेत. म्हणून हे सदर त्याच विषयाला दिले आहे. येथे ‘कफ’ हा शब्द आयुर्वेदातील दोष या अर्थाने नव्हे, तर श्वासमार्गाच्या आतील अस्तरातून पाझरणारा चिकट स्राव या रोजच्या अर्थाने वापरला आहे.

प्रश्न : माझे वय ६४ आहे. जांघेतील हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि रक्त, लघवी, ईसीजी असे सर्व तपास ठीक आले होते. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी छाती तपासली, मला जोराने खोकून दाखवायला सांगितले आणि शस्त्रक्रिया चार आठवडे पुढे ढकलली. गेली चाळीस वर्षे मी विडी ओढतो. सकाळी उठल्यावर दोन-तीन बेडके पडतात, पण दिवसभर काही त्रास नसतो. शस्त्रक्रिया जांघेत असताना छातीचे एवढे कौतुक कशासाठी? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन-तीन बेडक्यांत आहे. ते रात्रभर छातीत का साठले आणि सकाळीच का पडले, हे समजले की तारीख पुढे का गेली हेही समजेल.

नाकापासून फुप्फुसातील अगदी बारीक नळ्यांपर्यंत श्वासमार्गाला आतून एक ओलसर अस्तर असते. या अस्तरातील बहुसंख्य पेशींवर सूक्ष्म, केसांसारखे तंतू असतात. मराठीत त्यांना पक्ष्माभिका असा शब्द आहे, पण दवाखान्यात सगळेच त्यांना सिलिया म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. एका पेशीवर असे सुमारे २०० तंतू असतात आणि त्यांची लांबी ६ ते ७ मायक्रोमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. या तंतूंभोवती पाण्यासारखा पातळ थर असतो आणि त्या थरावर चिकट कफाची साय तरंगत असते. श्वासाबरोबर आत आलेली धूळ, धुराचे कण आणि जंतू त्या सायीला चिकटतात. सिलिया सेकंदाला १० ते १५ वेळा हलतात. पुढे जाताना त्या ताठ उभ्या राहतात आणि केवळ टोकाने सायीला ढकलतात, तर मागे येताना वाकून पातळ थरातूनच परततात, त्यामुळे साय पुढे सरकते पण मागे ओढली जात नाही. शेजारच्या सिलिया एकाच वेळी हलत नाहीत, तर वाऱ्याची झुळूक उभ्या ज्वारीवरून जावी तशी त्यांच्यातून लाट जाते. फुप्फुसातील लाटेची दिशा नेहमी वरची, म्हणजे घशाकडची असते.

वैद्यकात या व्यवस्थेला सरकत्या जिन्याची उपमा देतात आणि ती चपखल आहे. मुख्य श्वासनलिकेत हा जिना मिनिटाला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर चढतो. ती नलिका १० ते १२ सेंटिमीटर लांब असल्याने तिच्या तळाशी अडकलेला कण दहा-वीस मिनिटांत घशात पोहोचतो. खालच्या बारीक नळ्यांत हीच चाल पुष्कळ मंद असते. घशात आलेला कफ आपण नकळत गिळतो आणि पोटातील आम्ल त्याचा निकाल लावते. निरोगी माणूस दिवसभरात असा १० ते १०० मिलिलिटर स्राव गिळत असतो, आणि तरीही आपल्याला कफ होतो असे त्याला कधी वाटत नाही. जिना नीट चालतो आहे की नाही हे पाहण्याची एक साधी युक्ती कान-नाक-घसा तज्ज्ञ वापरतात. नाकात आत सॅकरिनचा बारीक कण ठेवतात आणि घशात गोड चव लागायला किती वेळ लागतो ते मोजतात. निरोगी नाकात ती वीसेक मिनिटांच्या आत लागते, तर धूम्रपान करणाऱ्यांना पुष्कळदा जास्त वाट पाहावी लागते.

जिना बिघडला किंवा त्याला झेपणार नाही इतका कफ झाला, की दुसरी फळी पुढे येते. ती म्हणजे खोकला. खोल श्वास, स्वरयंत्राचे दार क्षणभर घट्ट बंद, पोटाच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंचा जोर, आणि मग दार एकदम उघडून सुटणारा हवेचा झोत असा हा चार पायऱ्यांचा खटाटोप आहे. यातील एकही पायरी अधू झाली तर खोकला आवाजापुरता उरतो. या दुसऱ्या फळीची किंमत किती, हे ज्यांच्या सिलिया जन्मतःच निकामी असतात त्यांच्याकडे पाहिल्यावर कळते. त्यांना लहानपणापासून सर्दी, कानाचे विकार आणि फुप्फुसांचा संसर्ग पिच्छा सोडत नाही, तरीही ते मोठे होतात, शिकतात, संसार करतात, आणि यात त्यांच्या खोकल्याचा वाटा फार मोठा असतो. (जाता जाता सांगायचे तर, यांपैकी जवळपास निम्म्यांचे हृदय उजव्या बाजूला असते, कारण गर्भावस्थेत शरीराची डावी-उजवी बाजू ठरवण्याचे कामही सिलियांकडेच असते.)

आता तुमच्या विडीकडे येऊ. तंबाखूच्या धुराने सिलिया मंदावतात, काही ठिकाणी त्या गळून पडतात, आणि त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या पेशी व ग्रंथी वाढतात. म्हणजे माल वाढला आणि वाहतूक घटली. झोपेत निरोगी माणसाचाही जिना मंदावतो आणि खोकल्याची संवेदना दबते. तुमच्या बाबतीत रात्रभर जे साचते ते सकाळी उठल्याबरोबर खोकला बाहेर काढतो. दिवसभर त्रास नाही असे तुम्ही म्हणता, कारण तुमची दुसरी फळी जागी आहे आणि पहिलीचे कामही तीच ओढते आहे.

पूर्ण भूल देताना आम्ही या दोन्ही फळ्या एकाच वेळी बंद करतो. आयसोफ्ल्युरेन, सेव्होफ्ल्युरेन यांसारख्या हुंगवल्या जाणाऱ्या औषधांनी सिलियांची गती कमी होते. स्नायू सैल करणाऱ्या औषधांनी आणि अफूच्या कुळातील वेदनाशामकांनी खोकला थांबतो; तो थांबावा हाच त्या वेळी उद्देश असतो, कारण टाके घालत असताना रुग्ण खोकला तर चालणार नाही. यंत्राने श्वास देण्यासाठी श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या टोकाजवळ एक लहान फुगा असतो. पोटातील आम्ल आणि लाळ फुप्फुसात उतरू नये म्हणून तो फुगवतात, आणि जिन्यावरून चढणारा कफ त्या फुग्याखालीच येऊन अडतो. त्यात भर हवेच्या कोरडेपणाची. नाकातून घेतलेली हवा फुप्फुसात पोहोचेपर्यंत ३७ अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि बाष्पाने पूर्ण भरते; त्या तापमानाला एका लिटर हवेत सुमारे ४४ मिलिग्रॅम बाष्प मावते. नळीमुळे नाक वगळले जाते, आणि रुग्णालयाच्या पाइपलाइनमधून येणारा ऑक्सिजन तर पुरता कोरडा असतो. कोरड्या हवेने पातळ थर आटतो, साय घट्ट होते आणि सिलिया जणू चिखलात रुततात. म्हणून नळी आणि यंत्र यांच्यामध्ये एक छोटी डबी बसवतात, जी उच्छ्वासातील ऊब आणि ओल धरून ठेवते आणि पुढच्या श्वासाला परत देते. आमच्यात तिला कृत्रिम नाक म्हणण्याची पद्धत आहे. यंत्रातून जाणारा वायूचा प्रवाह कमी ठेवला तरी ओल टिकते, कारण उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइममधून उष्णता आणि पाणी निर्माण होते.

याशिवाय उताणे झोपल्याने आणि भुलेने श्वासपटल वर सरकते, फुप्फुसे आक्रसतात आणि त्यांच्या पाठीकडच्या भागातील काही वायुकोश मिटतात. भूल दिलेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ रुग्णांत थोड्याफार प्रमाणात हे घडते आणि निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. कफाचा गोळा एखाद्या नळीत घट्ट बसला, तर मात्र तिच्यापुढच्या भागातील हवा रक्तात शोषली जाते आणि तो भाग पूर्ण मिटतो. साचलेल्या कफात जंतू वाढले, की शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप आणि न्यूमोनिया. ज्याची पहिली फळी आधीच मोडकळीस आली आहे, त्याच्यावर ही वेळ येण्याची शक्यता जास्त. शिवाय तुमची शस्त्रक्रिया हर्नियाची आहे, म्हणजे खोकल्याच्या प्रत्येक ठसक्याचा ताण थेट दुरुस्त केलेल्या जागेवर पडणार. भूलतज्ज्ञांनी तुम्हाला खोकून दाखवायला लावले ते याचसाठी.

तेव्हा हे चार आठवडे सत्कारणी लावा. विडी आजच सोडा. रक्तातील कार्बन मोनॉक्साइड बहुतांशी पहिल्या २४ तासांत ओसरतो आणि ऑक्सिजन वाहून नेण्याची रक्ताची क्षमता सुधारते. सिलिया मात्र आठवड्यांच्या हिशेबाने सावरतात, म्हणून चार आठवडे किमान, आठ मिळाले तर उत्तम. सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत काहींना खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटतो; त्याने घाबरून पुन्हा विडी पेटवू नका. शस्त्रक्रिया तोंडावर असताना विडी सोडली तर उलट अपाय होतो, अशी एक समजूत काही काळ डॉक्टरांमध्येही होती, परंतु पुढील अभ्यासांत तिला आधार मिळाला नाही. बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा असेल किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल तर आधी त्यावर उपचार करून घ्या. जांघेतील हर्नियाची शस्त्रक्रिया पाठीच्या मणक्यातून भूल देऊनही करता येते. त्यात सिलिया चालू राहतात आणि नळी लागत नाही, मात्र पोटाचे स्नायू काही तास सैल पडल्याने खोकल्याचा जोर घटतो. तुमच्यासाठी कोणता मार्ग बरा, हे तुमच्या भूलतज्ज्ञांशी बोलूनच ठरवा.

प्रश्न : १९७४ साली माझे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले तेव्हा अर्धा-पाऊण तास आधी ‘तोंड कोरडे करण्याचे’ इंजेक्शन दिले होते आणि जीभ टाळूला चिकटली होती. नुकतेच माझ्या सुनेचे ऑपरेशन झाले, तिला असे काहीच दिले नाही. विसरले तर नसतील? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : विसरले नाहीत. तुम्हाला दिलेले औषध बहुधा ॲट्रोपिन असावे, आणि ती ईथरच्या काळाची देणगी. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे ईथर जगभर वापरात राहिले. भारतातील लहान रुग्णालयांत तर ते फार उशिरापर्यंत टिकले. ईथरच्या उग्र वाफेने श्वासमार्ग चिडतो आणि लाळ व कफ यांचा लोंढा सुटतो, इतका की रुग्णाचा श्वास गुदमरावा. तो लोंढा आटवण्यासाठी ॲट्रोपिन आधीच देऊन ठेवण्याची रीत पडली. ईथर गेले तरी रीत काही वर्षे चालत राहिली. रुग्णालयांत सवयी औषधांपेक्षा चिवट असतात.

आजची औषधे तशी चिडखोर नाहीत, त्यामुळे सरसकट कोरडे करण्याची गरज उरलेली नाही. उलट त्यात तोटा आहे. ॲट्रोपिन स्रावातील पाणी घटवते, म्हणजे कफ कमी होतो पण जो उरतो तो घट्ट आणि चिवट होतो, आणि सिलियांची चालही त्याने मंदावते. लाळ वाढवणारे केटामाइन द्यायचे असेल किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालायची असेल, अशा ठरावीक प्रसंगी स्राव कमी करणारे औषध अजूनही देतात. तरीही शुद्धीवर आल्यावर तुमच्या सुनेचे तोंड कोरडे पडले असण्याचा संभव आहे. सैल केलेले स्नायू पूर्ववत करण्यासाठी शेवटी निओस्टिग्मिन देतात. ते एकटे दिले तर नाडी मंदावते आणि लाळ वाढते, म्हणून त्याच्या जोडीला ॲट्रोपिनच्याच कुळातील ग्लायकोपायरोलेट देतात आणि त्याने तोंडाला कोरड पडते.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया सर्दीमुळे दोनदा रद्द झाली. पावसाळ्यात त्याचे नाक कायमच वाहते. असे किती वेळा थांबायचे? (एक पालक, ठाणे)

उत्तर : तुमचा वैताग मला समजतो, कारण त्या टेबलाच्या पलीकडे मी रोज बसते. सर्दीच्या विषाणूने श्वासमार्गाचे अस्तर सोलवटते, सिलिया झडतात आणि खालची संवेदनशील टोके उघडी पडतात. नाक वाहायचे थांबल्यावरही हा चिडखोरपणा चार ते सहा आठवडे राहू शकतो. अशा घशाला नळीचा किंवा कफाच्या थेंबाचा स्पर्श झाला की स्वरयंत्राचे दार एकदम घट्ट मिटू शकते आणि मुलाला श्वासच घेता येत नाही. आम्ही त्यावर इलाज करतो आणि बहुतेक वेळा तो लगेच लागू पडतो, पण ते काही मिनिटे कोणालाही नको असतात.

शिवाय लहान मुलांत मापाचा प्रश्न असतो. पाच वर्षांच्या मुलाला घालायच्या नळीचे आतील माप साधारण ५ मिलिमीटर असते. तिच्या आत सर्व बाजूंनी एक मिलिमीटर जाडीचा कफ बसला, तर हवेला होणारा अडथळा जवळजवळ आठपट वाढतो. मोठ्या माणसाच्या ८ मिलिमीटरच्या नळीत तेवढाच कफ तो सुमारे तिपटीने वाढवतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो, असा हा हिशेब आहे. शिवाय टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया श्वासाच्या वाटेवरच होते आणि त्यात रक्ताचीही भर पडते.

तरी सहा आठवडे पूर्ण कोरड्या नाकाची वाट पाहायची म्हटले, तर शाळेत जाणाऱ्या मुलाला तो मुहूर्त मिळणार नाही. व्यवहारात मी असा भेद करते : नाकातून पाण्यासारखे पातळ वाहते आहे, ताप नाही, मूल खेळते-जेवते आहे आणि छाती स्वच्छ आहे, तर बहुतेक वेळा पुढे जाता येते; ताप, घट्ट हिरवा शेंबूड, ओला खोकला किंवा छातीत घरघर असेल, तर निदान दोन आठवडे थांबणे बरे. सर्दी लपवण्यासाठी सकाळी औषध पाजून मुलाला आणू नका, ही मात्र कळकळीची विनंती. असे पालक भेटतात, आणि मग आमचा अंदाज चुकतो. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर तेही सांगा. त्या धुराने मुलाचा श्वासमार्गही चिडतो.

प्रश्न : पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर आईला श्वासाच्या व्यायामासाठी तीन गोळे असलेले प्लॅस्टिकचे यंत्र दिले आहे. ती म्हणते, हे नातवाचे खेळणे मला कशाला? आणि टाके तुटतील या भीतीने खोकला आला तरी दाबून धरते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आईंना सांगा की टाके खोकल्याने सहसा तुटत नाहीत, पण दाबून ठेवलेला कफ छातीत बसतो. बरगड्यांखालची जखम दुखते म्हणून माणूस उथळ श्वास घेतो. श्वास उथळ म्हणून खोकल्याला जोर नाही. आणि सिलिया तर अजून भुलेतून पुरत्या सावरलेल्या नसतात. म्हणून वेदनाशामक औषध वेळेवर घ्यावे, दुखायला लागल्यावर नव्हे. मग उशी किंवा घडी केलेली चादर जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरावी, खोल श्वास घ्यावा आणि खोकावे. पूर्ण खोकला जमत नसेल तर आरशावर वाफ धरताना करतो तसा तोंड उघडे ठेवून ‘हाः’ असा जोराचा उच्छ्वास सोडावा. त्यानेही कफ वर सरकतो.

त्या यंत्रात फुंकायचे नसते, ओढायचे असते. बरेच रुग्ण उलटे करतात आणि गोळे हलत नाहीत म्हणून यंत्र बाजूला ठेवतात. गोळ्यांपाशी ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, ते सेकंदाला किती मिलिलिटर हवा आत गेली ते दाखवतात. घाईने झटका देऊन तिन्ही गोळे उडवण्यापेक्षा एक किंवा दोन गोळे सावकाश वर धरून ठेवणे अधिक उपयोगाचे, कारण त्याने मिटलेले वायुकोश उघडायला वेळ मिळतो. खरे सांगायचे तर त्या यंत्रात जादू नाही. जागेपणी दर तासाला दहा वेळा सावकाश खोल श्वास घेतला, पाठ टेकून बसून राहिले आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी धरून चालायला सुरुवात केली, तर यंत्राविनाही तेच साधते. पण ‘खोल श्वास घ्या’ एवढेच सांगितले तर कोणी घेत नाही, आणि गोळे वर जाताना दिसले की घेतात, असा माझा अनुभव आहे. तेव्हा नातवाला शेजारी बसवून मोजायला सांगा.

प्रश्न : दुधाने कफ होतो म्हणून शस्त्रक्रियेआधी आठवडाभर दूध बंद करावे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : गरज नाही. दुधाने घशात दाटपणा जाणवतो, पण श्वासमार्गात कफ जास्त तयार होतो असे दिसत नाही. दुधाचा प्रश्न वेगळाच आहे : ते पोटात अन्नासारखे वागते, म्हणून भुलेआधी सहा तास दूध आणि दुधाचा चहाही चालत नाही. साधे पाणी मात्र बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते, आणि अंगात पाणी पुरेसे असणे कफ पातळ राहण्यासाठीही हिताचे आहे.

प्रश्न : भुलेतून बाहेर येताना कोणीतरी घशात काहीतरी घालून खळखळ ओढत असल्याचा भास झाला. नंतर दोन दिवस घसा दुखला. ते स्वप्न होते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : स्वप्न नव्हते. नळी काढण्यापूर्वी घशात साचलेली लाळ आणि कफ बारीक नळीने ओढून घेतात. फुग्याची हवा सोडताच वर अडलेले सगळे खाली उतरू नये म्हणून हे करावेच लागते. श्वासनलिकेतूनही ओढायचे असेल तर ती बारीक नळी आतल्या मापाच्या निम्म्याहून जाड नसावी आणि एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त ओढू नये असा संकेत आहे, कारण कफाबरोबर फुप्फुसातील हवाही ओढली जाते आणि ऑक्सिजन घटतो. रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागला, सांगितल्यावर डोळे उघडले आणि नळीवर खोकू लागला, की आम्ही ती काढतो. तो खोकला परत आल्याची आम्ही वाटच पाहत असतो, त्यामुळे तो क्षण अर्धवट आठवणारे तुमच्यासारखे रुग्ण पुष्कळ असतात. घसादुखी नळीच्या घर्षणाने होते आणि दोन-तीन दिवसांत थांबते. आवाज आठवड्याहून अधिक काळ बसलेला राहिला तर घसा दाखवून घ्या.